जमैकाची सहा, भारताची सहा

अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २८ लाख ८८ हजार आहे. त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या जमैका या बेटावरही जनगणना झाली. तिथे माणसे भरली सुमारे २७ लाख. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याएवढा हा देश. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जमैकाने सहा पदके मिळवली, त्यांत एक सुवर्ण होते. भारताचीही पदके सहाच. एक रौप्य, पाच कांस्य. पदकतालिकेत भारत ७१ वा आला.

असे आकडे समोर आले की शिक्षकांच्या खोलीत दर चार वर्षांनी तीच चर्चा होते. ‘ते आपल्या रक्तातच नाही’, ‘सगळा पैसा क्रिकेटने खाल्ला’, ‘आपल्याकडे पालकांना फक्त मार्क हवेत’. यांतले एकही उत्तर अगदी खोटे म्हणता येणार नाही. पण विज्ञानात उत्तर नुसते पटून चालत नाही, ते तपासता यावे लागते. तेव्हा एकेक उत्तर तपासत जाऊ.

रक्ताची गोष्ट लवकर संपते. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत अॅक्टिनिन-३ नावाचे एक प्रथिन असते आणि ते बनवणारे एक जनुक असते. जमैकाच्या वेगाचे रहस्य या जनुकात आहे, असे काही काळ बोलले जात होते. परंतु या जनुकाची चालती प्रत जगातल्या बहुतेक माणसांकडे असते. शिवाय जमैकाचे नामवंत धावपटू आणि तिथली सामान्य माणसे यांची तुलना केली तेव्हा दोघांत त्याचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. आणखी एक गंमत पाहा. पॅरिसमधली जमैकाची सहा पदके कशात होती? थाळीफेक (हेच सुवर्ण), गोळाफेक, लांब उडी, तिहेरी उडी, ११० मीटर अडथळे आणि १०० मीटर धावणे. धावण्याच्या शर्यतींतली फक्त दोन! वेगाचे जनुक घेऊन थाळी लांब जात नाही. तिथे दुसरेच काहीतरी चालू असले पाहिजे.

गर्दीचे गणित

दुसरा प्रश्न विद्यार्थीच विचारतात, आणि तो अगदी योग्य आहे. १४० कोटी लोकांत सर्वांत वेगवान माणूस असण्याची शक्यता २८ लाखांपेक्षा पाचशे पट जास्त नको का?

याचे उत्तर उंचीच्या उदाहरणाने समजेल. समजा, एका प्रदेशातल्या प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १६५ सें.मी. आहे आणि तिचे प्रमाण विचलन ६ सें.मी. आहे. म्हणजे साधारण दोन-तृतीयांश माणसे १५९ ते १७१ च्या दरम्यान आहेत. आता त्यांतून कोणतीही १०० माणसे घेतली, तर सर्वांत उंच माणूस सरासरीने १८० सें.मी. च्या आसपास निघेल. १०,००० माणसे घेतली तर? १८८. दहा लाख घेतली तर १९४. दहा कोटी घेतली तर सुमारे १९९.

प्रत्येक वेळी गर्दी शंभर पट केली, पण सर्वांत उंच माणूस आधी ८, मग ६, मग ५ सें.मी. ने वाढला. गर्दी वाढवून टोक फार पुढे सरकत नाही. याउलट, चांगल्या आहाराने त्या प्रदेशाची सरासरीच ६ सें.मी. वर गेली असे समजा. आता १०,००० माणसांतला सर्वांत उंच माणूस १९४ सें.मी. चा निघेल, म्हणजे पूर्वी दहा लाखांतून जो मिळत होता तेवढा. सरासरी थोडी उचलली की लोकसंख्या शंभर पट केल्याचा परिणाम मिळतो! नववी-दहावीच्या मुलांना संख्याशास्त्र कशाला शिकायचे असा प्रश्न पडतो, तेव्हा हे उदाहरण जरूर द्यावे.

उंचीच्या जागी धावण्याचा वेग, उडीची लांबी, नेमबाजीतली स्थिरता काहीही घाला. ते सारे नियमित वक्राप्रमाणेच पसरलेले असेल असे नाही, पण गणिताचा कल तोच राहतो. लोकसंख्येचा उपयोग होतो, परंतु तिच्या पटीत होत नाही. त्यातही एका देशाला एका शर्यतीत साधारणपणे तीनच स्पर्धक पाठवता येतात आणि हॉकीत तर एकच संघ. म्हणून मोठ्या देशाची उरलेली गर्दी घरीच राहते.

किती जण मोजायचे?

अँड्र्यू बर्नार्ड आणि मेघन बुसे या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक ऑलिंपिकच्या पदकांचा हिशेब मांडला. देशाचे एकूण उत्पन्न, म्हणजे लोकसंख्या आणि दरडोई उत्पन्न यांचा गुणाकार, हा पदकांचा बऱ्यापैकी चांगला अंदाज देतो असे त्यांना आढळले. यजमान देशाला अपेक्षेपेक्षा काही पदके जास्त मिळतात. सोव्हिएत गटातल्या देशांनाही तशीच जास्त मिळत असत. हे सूत्र बऱ्याच देशांना लागू पडते, भारताला मात्र पडत नाही. आपले एकूण उत्पन्न जगात पहिल्या पाच-सहांत मोजले जाते आणि पदके त्या मानाने फारच थोडी.

अनिरुद्ध कृष्णा आणि एरिक हॅग्लंड यांनी २००८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या कोड्यावर एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: देशाची सारी लोकसंख्या स्पर्धेत उतरतच नाही. जी मुले निरोगी आहेत, शाळेत टिकली आहेत, आणि अशी स्पर्धा असते, तिथे असे पोहोचता येते, ही माहिती ज्यांच्यापर्यंत गेली आहे, तेवढीच खरी मोजायची. याला ते ‘प्रत्यक्ष सहभागी लोकसंख्या’ म्हणतात. १४० कोटींच्या देशात ती किती उरते, हाच खरा प्रश्न.

आपल्या जिल्ह्यातच पाहू. अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके आहेत. तिथल्या कोरकू मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या १९९० च्या दशकापासून साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत. डोंगर चढत-उतरत वाढणारी ही मुले लांब पल्ल्याची उत्तम धावपटू होऊ शकतील, असे आपण सहज म्हणून जातो. पण पहिल्या दोन वर्षांत अन्न कमी पडले तर उंची खुंटते, स्नायू कमी भरतात, आणि ती तूट पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. शिवाय हा केवळ मेळघाटचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. पूर्ण देशाचा आकडाही जवळजवळ तोच आहे. वरचे उंचीचे गणित आठवा: इथे सरासरीच खाली ओढली जाते.

मुलींचे आणखी एक. त्याच पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय होता. स्नायूंना लागणारा प्राणवायू रक्तातले हिमोग्लोबिन वाहून नेते. ते कमी असेल तर हृदय कितीही धडधडले तरी स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. अशी मुलगी ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत मागे पडते आणि आपण म्हणतो, ‘हिच्यात दम नाही.’ ते अक्षरशः खरे असते. फक्त कारण तिच्या जिद्दीत नसून रक्तात असते, आणि ते लोहाच्या गोळ्यांनी व पालेभाज्या-डाळींनी सुधारण्यासारखे असते.

जमैका हा काही श्रीमंत देश नाही. पण तिथली जवळजवळ सगळी मुले शाळेत जातात आणि शाळेत गेले की धावावे लागते. तेव्हा २७ लाखांतली धावण्याच्या वयाची बहुतेक मुले मोजणीत येतात.

शाळांची जत्रा

जमैकातल्या माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धा १९१० साली सुरू झाल्या. तिथले लोक त्यांना लाडाने ‘चॅम्प्स’ म्हणतात. मुलींच्या स्पर्धा पुढे वेगळ्या सुरू झाल्या आणि १९९९ पासून दोन्ही एकत्र भरतात. दर वर्षी ईस्टरच्या आधी किंग्स्टनचे राष्ट्रीय मैदान काही दिवस खच्चून भरते. माजी विद्यार्थी शाळेचे झेंडे घेऊन येतात, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण होते. आपल्याकडे शंकरपटाला किंवा कुस्तीच्या दंगलीला लोटते तशी गर्दी तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे धावणे पाहायला लोटते. उसेन बोल्टही या शालेय स्पर्धांतूनच वर आला.

१९८० साली क्यूबाच्या मदतीने तिथे जी. सी. फॉस्टर कॉलेज हे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले. तिथून तयार झालेले शिक्षक बेटावरच्या शाळाशाळांत गेले. त्यामुळे थाळी कशी फिरवावी, उडीआधीची शेवटची तीन पावले कशी टाकावीत, हे नीट सांगणारा माणूस राजधानीत जाऊन शोधावा लागत नाही. तो शाळेतच असतो. थाळीफेकीच्या सुवर्णाचा उलगडा इथे होतो.

आता अमरावतीकडे या. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी ते उभे केले. ‘चॅम्प्स’नंतर अवघ्या चार वर्षांनी! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने कबड्डी, मल्लखांब यांसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे दाखवली. (त्याच शहरात २००९ साली बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. हा विक्रम अजून अबाधित आहे.) मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांनी तिथेच शिक्षण घेतले आहे. या लेखाच्या वाचकांतही काही असतील. म्हणजे परंपरा होती, संस्था होती, शिक्षकही होते. मग फरक कुठे पडला?

माझ्या मते शिडीत. आपल्याकडे शालेय स्पर्धा नाहीत असे नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चांगली पाच पायऱ्यांची शिडी कागदावर आहे. पण एक हिशेब करा. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत ६४ संघ आले आणि बाद पद्धतीने सामने झाले. एकूण सामने ६३. पहिल्याच दिवशी ३२ संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचा त्या वर्षातला एकुलता एक खरा सामना अर्ध्या-पाऊण तासात संपतो. सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला दोनही सामने येत नाहीत. त्याच ६४ संघांचे आठ-आठचे गट पाडून साखळी पद्धतीने खेळवले, तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात. शरीर आणि डोके ज्या सवयीने तयार होते, ती सवय सामन्यांतूनच लागते. बाद पद्धत विजेता शोधायला सोयीची आहे, खेळाडू घडवायला नाही. आपण वर्षानुवर्षे विजेता शोधतो आहोत.

यात पैशाचा आणि वेळेचा प्रश्न आहेच. साखळी सामन्यांना दिवस जास्त लागतात, मुलांच्या एसटीचे भाडे कोणी द्यायचे हे ठरवावे लागते. वऱ्हाडात त्यात काळ्या मातीची भर. शालेय स्पर्धा सुरू होतात पावसाळ्यात. तेव्हा मुरूम न टाकलेले मैदान चपलांना चिकटून वर येते, आणि उन्हाळ्यात त्याच मैदानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. वर्षातले किती दिवस मैदान खेळण्याजोगे असते, याची नोंद एखाद्या शाळेने ठेवली तर ती फार बोलकी ठरेल.

एका ठिकाणी साचलेले ज्ञान

मैदानच लागत नाही अशा खेळाचे उदाहरण अकोल्यात आहे. तिथल्या क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे निवासी प्रशिक्षण चालते. तिथे तयार झालेल्या अनंता चोपडेने २०१९ साली इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले. मुष्टियुद्धासाठी अकोलाच का? अकोल्याच्या हवेत काही आहे म्हणून नव्हे. एका जागी जाणकार मार्गदर्शक असतो, रोज हात करायला तोडीस तोड दहा-वीस सोबती असतात, धाकटा थोरल्याकडे पाहून शिकतो. असे एकदा जमले की तो खेळ तिथे रुजतो. हरियाणातल्या भिवानीत मुष्टियुद्ध, कोल्हापुरात कुस्ती आणि आता नेमबाजी, साताऱ्यात तिरंदाजी, केनियातल्या इटेन गावात लांब पल्ल्याचे धावणे, सगळीकडे हीच गोष्ट आहे.

क्रिकेटमध्ये विदर्भाने हे दाखवून दिले. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत होता आणि साठ वर्षे जवळजवळ कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मग निवासी अकादमी झाली, वयोगटांचे संघ नीट बांधले गेले, मुंबईहून चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आणि वासिम जाफर खेळाडू म्हणून आले. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा करंडक विदर्भात आला. लोक तेच, माती तीच, ऊनही तेच.

राष्ट्रांच्या पातळीवर हेच पैसे ओतून करता येते. ऑस्ट्रेलियाला १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण मिळाले नाही. देशात गहजब झाला आणि १९८१ साली कॅनबेराला राष्ट्रीय क्रीडासंस्था निघाली. ब्रिटनला १९९६ साली अटलांटात एकच सुवर्ण मिळाले. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचे पैसे खेळांकडे वळवले गेले आणि २०१२ साली लंडनमध्ये, अर्थात घरच्या मैदानावर, २९ सुवर्णे झाली. पण या वाटेला एक काळी बाजू आहे. त्याच माँट्रियलमध्ये पावणेदोन कोटींच्या पूर्व जर्मनीने ४० सुवर्णपदके घेऊन अमेरिकेला मागे टाकले होते. शाळेशाळेतून मुले हेरण्याची त्यांची पद्धत जगात नावाजली गेली. बर्लिनची भिंत पडल्यावर सरकारी कागदपत्रे उघडली तेव्हा कळले, की कोवळ्या मुलींनाही त्यांच्या नकळत पुरुषी संप्रेरके दिली जात होती. पदकांचा आकडा हा देशातल्या मुलांच्या आरोग्याचा मापक असेलच असे नाही, हे शिक्षकांनी तरी विसरू नये.

आपल्याकडे उलट टोक होते. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी मिळाले. हेलसिंकीलाच जमैकाने ४ × ४०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकले होते, आणि त्यांचा ओघ त्यानंतर कधी फार काळ आटला नाही.

खेळ कोणते, हे कोण ठरवते?

पॅरिसमध्ये एकूण ३२९ सुवर्णपदके वाटली गेली. त्यांतली ४८ मैदानी स्पर्धांची आणि ३५ तलावातल्या पोहण्याच्या शर्यतींची. हॉकीची फक्त दोन. कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांचे एकही नाही; बर्लिनच्या प्रात्यक्षिकांना ८८ वर्षे होऊनही नाही. ज्या देशात गावोगावी तरणतलाव आहेत, त्याला ३५ दारे उघडी आहेत. अमरावतीत एखादी मुलगी अप्रतिम खो-खो खेळत असली तरी ऑलिंपिकच्या यादीत तिला दारच नाही. तालिका वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

मात्र कबड्डी ऑलिंपिकमध्ये असती तर सुवर्ण कायमचे आपलेच, असेही समजू नये. १९९० साली ती आशियाई खेळांत आली आणि २०१४ पर्यंतची सारी सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ ला जकार्तात पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णे इराणने नेली. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! २०२३ ला हांगझोऊत भारताने दोन्ही परत मिळवली.

वर्गात करून पाहण्याजोगे

सातवी-आठवीच्या सगळ्या मुलामुलींची जागेवरून लांब उडी मोजा. टेप आणि खडू एवढेच साहित्य लागते. प्रत्येकाला तीन उड्या द्या, त्यांतली सर्वांत लांब उडी एका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या डब्यात घालून, न पाहता पाच काढा आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा फळ्यावर लिहा. चिठ्ठ्या परत टाका. असे दहा वेळा करा आणि दहा आकड्यांची सरासरी काढा. मग हेच वीस-वीस चिठ्ठ्या काढून करा. चिठ्ठ्या चौपट झाल्यावर सरासरी किती वाढली ते मुलांनाच सांगू द्या.

त्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटे उड्यांचा सराव घ्या: हात मागून पुढे कसे फेकायचे, गुडघे किती वाकवायचे. पुन्हा सगळ्यांची मोजणी करा आणि आता पाच-पाच चिठ्ठ्या काढा. या पाचांतल्या सर्वांत लांब उडीची सरासरी, आधीच्या वीसांच्या सरासरीला गाठते का? मुलांची आणि मुलींची मोजमापे वेगळी मांडा. पहिल्या मोजणीच्या दिवशी जी मुले गैरहजर होती, कापूस वेचायला गेली होती, किंवा ‘मला नाही जमत’ म्हणून भिंतीशी उभी राहिली, त्यांची संख्याही तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहायला सांगा.